मागचा एक्सल: दहा बोल्टचा गेला, आता नऊ इंची की बारा बोल्ट?

निळी_कॅमारो

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज रडगाणं घेऊन आलोय.

गाडी १९६७ ची कॅमारो. ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, फ्लायव्हीलला साधारण ४०० अश्वशक्ती आणि ५४० न्यूटन-मीटर. मन्सी एम-२० चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स, पहिला गिअर २.५२. मागे मूळचाच ८.२ इंची दहा बोल्टवाला एक्सल (आतली क्राऊन, म्हणजे मोठी दातेरी चकती, ८.२ इंची; मागचं कव्हर दहा बोल्टांचं), ३.०८ चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.०८ फेरे), स्प्रिंगला एकेरी पाटे. माझ्यासकट वजन १,५०० किलोच्या आसपास.

चार वर्षं साध्या रेडियल टायरवर पाव मैल पळवली, एक्सलनं हूं की चूं केलं नाही. गेल्या रविवारी पहिल्यांदा २६ इंची स्लिक, म्हणजे शर्यतीचे गुळगुळीत, चिकट टायर लावले. पहिला रन झकास. दुसऱ्याला ५,००० आरपीएमवर क्लच सोडला आणि पत्र्याच्या डब्यात दगड खुळखुळावेत तसा आवाज आला. कव्हर उघडलं तर पिनियनचे (क्राऊनला फिरवणाऱ्या लहान गिअरचे) तीन दात तेलात तळाशी बसलेले, क्राऊनचेही टवके उडालेले. दोष माझाच, एक्सलचा नाही.

आता ह्याच हाउसिंगमध्ये चांगले गिअर घालू? बारा बोल्टचा शोधू? की सरळ फोर्डचा नऊ इंची बसवू? पुढच्या वर्षी इंजिन ५०० अश्वशक्तीपर्यंत न्यायचा विचार आहे. अधूनमधून रस्त्यावरही चालवतो. एकदाच करायचं आणि विसरून जायचं, एवढीच इच्छा.

बाराबोल्ट_भक्त

यात विचारायचं काय? बारा बोल्ट. १९६५ ते १९७२ पर्यंत ह्याच घराण्यातल्या गाड्यांखाली आलेला एक्सल आहे. क्राऊन ८.८७५ इंची, शाफ्ट ३० स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचा). तुझ्या गाडीखाली बसतो तेव्हा मूळचाच वाटतो. शेवरलेटच्या पोटाखाली फोर्डचा एक्सल घातलेला बघवत नाही मला.

आणि ८.२ मध्ये पैसे घालू नकोस. त्याला चांगले सुटे भाग मिळणं मुश्कील, आणि मिळाले तरी क्राऊन लहान ती लहानच.

फक्त_वाचक

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

जुना_फिटर

तुझ्या प्रश्नात अश्वशक्ती दोनदा आली आणि टायरवर तू थांबलासच नाहीस. चार वर्षं टिकलेला एक्सल दुसऱ्या रनला गेला. इंजिन तेच, बॉक्स तोच, डावा पाय तोच. बदललं काय?

हिशेब मांडतो. गाडी सुटताना वजन मागे जातं, मागच्या दोन चाकांवर मिळून ९०० किलो धरू, म्हणजे ८,८०० न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर. साध्या रेडियलची पकड ०.९ धरली तर दोन्ही चाकं मिळून २,६०० न्यूटन-मीटर पेलतात. त्याच्यावर गेलं की टायर जागच्या जागी फिरतो, धूर निघतो, एक्सल सुटतो. स्लिकची पकड १.४ धर, तोच आकडा ४,१०० वर जातो. आता तुझं इंजिन पहिल्या गिअरला काय देतं बघ: ५४० गुणिले २.५२ गुणिले ३.०८, जवळपास ४,२००. आजवर टायर फ्यूजचं काम करत होता. तू फ्यूज काढून तिथे तार बांधलीस.

वर ५,००० ला क्लच सोडलास. माझा हिशेब हळूहळू वाढणाऱ्या भाराचा आहे. तू फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी ऊर्जा एका फटक्यात दातांवर ओतलीस. ऐरणीवर हातोडा ठेवणं वेगळं आणि मारणं वेगळं. ऑटोमॅटिक बॉक्सवाल्यांचे एक्सल जास्त जगतात ते ह्याचमुळे, क्लचच्या जागी असलेला, तेलातून ताकद देणारा कन्व्हर्टर तो फटका मऊ करतो.

म्हणून इंजिन ५०० चं केलंस तरी सुटतानाचा कमाल भार फारसा वाढणार नाही, टायर सोसेल तेवढाच राहील. पण टायर मोठा आणि रुंद केलास तर नक्की वाढेल. दोन वर्षांनी गाडीखाली कुठला टायर असणार ते आधी सांग, मग एक्सलचं बोलू.

निळी_कॅमारो

काका, हे असं कुणी मांडून दाखवलंच नव्हतं. मडगार्डं कापायची नाहीत, त्यामुळे २६ इंचीच राहणार, फार तर थोडा रुंद. बॉक्स मॅन्युअलच ठेवणार, तो माझा हट्ट आहे.

जुना_फिटर

मॅन्युअल आणि स्लिक ही एक्सलच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट जोडी. म्हणजे पिनियन ताकदवान हवा, बाकीचं नंतर. दात_मोज कुठे आहेत? नऊ इंचीचं त्यांनी सांगावं.

दात_मोज

आलो.

नऊ इंची फोर्ड १९५७ पासून १९८६ पर्यंत बनला. त्यात क्राऊन नऊ इंची आहे हे महत्त्वाचं नाही, बारा बोल्टपेक्षा ती एक अष्टमांश इंचानं मोठी, एवढंच. महत्त्वाचा आहे पिनियन. बहुतेक एक्सलमध्ये पिनियनचा दांडा दोन बेअरिंगवर धरलेला असतो आणि दातांचं डोकं पुढे अधांतरी असतं. जोर आला की क्राऊन त्याला बाजूला ढकलते, दात अर्धवट भिडतात, टोकावर भार येतो आणि टवका उडतो. नऊ इंचीत डोक्याच्या पलीकडे तिसरं लहान बेअरिंग आहे. पिनियन दोन्ही बाजूंनी धरलेला असल्यामुळे ढकलायला जागाच राहत नाही. तुझे दात ज्या कारणानं गेले त्यावरचं हे सरळ उत्तर आहे.

दुसरं, क्राऊन-पिनियनसकट अख्खा गाभा पुढून बाहेर निघतो. शाफ्ट ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, नट काढायचे, गाभा हातात. टेबलावर ठेवून आरामात सेट करता येतो. गाडीखाली पाठीवर झोपून, डोळ्यांत तेल पाडून घेत क्राऊन बसवायची नाही.

तिसरा मुद्दा पिनियनच्या जागेचा. तो क्राऊनच्या मध्यापासून दोन इंचांहून जास्त खाली आहे. त्यामुळे एका वेळी जास्त दात भिडतात आणि ताकद मिळते.

बाराबोल्ट_भक्त

आणि त्याच खालच्या पिनियनमुळे दात एकमेकांवर जास्त घासतात, तेल तापतं, ताकद वाया जाते. हे कोण सांगणार? बारा बोल्टात पिनियन बराच वर आहे, घर्षण कमी. तीच गाडी, तेच इंजिन, बारा बोल्ट थोडी वेगानं पळेल.

दात_मोज

बरोबर आहे, नाकारत नाही. पण तुटलेला बारा बोल्ट ढकलत न्यावा लागतो, तो सगळ्यात हळू. ;)

गमतीचं सोडा. ऑटोमॅटिक बॉक्स असता तर मीही बारा बोल्ट म्हटलं असतं. चांगलं कव्हर लावायचं, ज्याच्या आतून दोन बोल्ट बेअरिंगच्या टोप्यांना आधार देतात, म्हणजे जोर आल्यावर त्या मागे वाकत नाहीत. ते बोल्ट फक्त टेकवायचे असतात, लोक ताकद लावून आवळतात आणि टोपी वाकवून बसतात. पण इथे क्लच आहे.

बाराबोल्ट_भक्त

क्लचचा मुद्दा मान्य. फोर्डचा अजूनही नाही.

हेमीवाला

मध्येच तोंड घालतो. माझ्या जुन्या डॉजखाली पावणेनऊ इंची मोपार (क्रायस्लर घराण्यातला) एक्सल आहे. त्याचाही गाभा पुढूनच निघतो, आणि त्यात पिनियनचे तीन प्रकार येतात, कास्टिंगवर ७४१, ७४२ आणि ४८९ असे आकडे. ७४१ चा दांडा बारीक, तो ड्रॅगला नको. कुणी मोपारवाला हा धागा वाचत असेल तर आकडा बघून घ्या.

आणि डाना ६० एक्सल? क्राऊन ९.७५ इंची, शाफ्ट ३५ स्प्लाइनचे. चार गिअरच्या हेमी गाड्यांना कंपनीच तो द्यायची.

जुना_फिटर

डाना ६० मोडणं कठीण, पण वजन बघ. १,५०० किलोच्या आणि २६ इंची टायरच्या गाडीला तो म्हणजे डास मारायला तोफ. आणि ते वजन पाट्यांच्या खालचं. चाकाबरोबर वरखाली होणारं वजन जितकं जास्त, तितकं चाक जमिनीला चिकटून ठेवणं अवघड.

आता शाफ्ट. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या पटीत वाढते, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं. २८ स्प्लाइनचा शाफ्ट साधारण १.२ इंच जाड, ३१ चा १.३२, ३५ चा १.५. वाढ दिसायला किरकोळ. घन काढ. २८ वरून ३१ ला जाताना ताकद एक तृतीयांशानं वाढते, २८ वरून ३५ ला जाताना जवळपास दुप्पट होते. त्याच धातूचा शाफ्ट असेल तर, अर्थात.

आणि दोन्ही चाकं जखडली असतील तर भार अर्धा-अर्धा वाटला जाईल असं धरू नकोस. एका बाजूला चांगलं रबर, दुसरीकडे धूळ, की सगळा टॉर्क एकाच शाफ्टवर. ३५ घे.

बाराबोल्ट_भक्त

एक गोष्ट माझ्याच विरोधात जाणारी सांगतो, कारण ती जिवाची आहे. दहा बोल्ट आणि बारा बोल्ट दोन्हींत शाफ्ट आतल्या टोकाला इंग्रजी सी आकाराच्या क्लिपनं अडकवलेला असतो. शाफ्ट मोडला की त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. चाक, ड्रम आणि शाफ्टचा तुकडा गाडीतून बाहेर चालू लागतात. मी हे एकदा बाजूच्या लेनमध्ये पाहिलंय. चाक गाडीच्या पुढे गेलं.

नऊ इंचीत बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं आणि बाहेरच्या टोकाला पट्टीनं हाउसिंगला आवळलेलं. आत मोडला तरी चाक जागेवर राहतं. एनएचआरए ह्या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमात पाव मैलाला १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला, आणि स्पूल (दोन्ही चाकं कायमची जखडणारा तुकडा) लावलेल्या कुठल्याही गाडीला, बदललेले शाफ्ट आणि शाफ्ट धरून ठेवणारी व्यवस्था सक्तीची आहे. बारा बोल्टला त्यासाठी टोकाचं वेगळं किट बसवावं लागतं. रस्त्यावर वळणं घेताना त्यातून तेल झिरपतं, हे अनुभवाचे बोल.

फक्त_वाचक

बाळबोध प्रश्न. दोन्ही चाकं एकत्र फिरवायची तर डिफरन्शियलचे स्टार गिअर वेल्ड करून टाकले तर? एका मित्रानं केलंय.

दात_मोज

मित्राच्या मागे उभा राहू नकोस.

ते गिअर वरून कडक केलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं बाजूचा धातू ठिसूळ होतो आणि तुकडा सुटला की थेट क्राऊन-पिनियनच्या मध्ये जातो. जखडायचंच असेल तर पूर्ण स्पूल घ्यावा, अख्खी डिफची पेटीच काढून एकसंध तुकडा. हलका, मजबूत, बिघडायला काही नाही. मिनी स्पूलही मिळतो, पण तो जुन्याच पेटीत स्टार गिअरच्या जागी बसतो. म्हणजे ताकद जुन्या पेटीचीच राहिली.

निळी_कॅमारो रस्त्यावर चालवणार आहे, त्यामुळे स्पूल नको. वळणावर आतलं चाक कमी अंतर कापतं, बाहेरचं जास्त. स्पूलला ते मान्य नसतं. टायर ओरडतात आणि शाफ्ट प्रत्येक वळणाला पिळला जातो. ट्रॅकवर सरळ धावून न थकणारा शाफ्ट पार्किंगमध्ये थकतो. डेट्रॉइट लॉकर घे. ताकद देताना दोन्ही चाकं जखडतो, वळणावर बाहेरच्या चाकाला पुढे सुटू देतो. टकटक आवाज करतो, कधी खाडकन लागतो, घाबरायचं नाही. प्लेटवाल्या लिमिटेड स्लिपचा आवाज येत नाही, पण स्लिक आणि क्लचसमोर त्या प्लेटा लवकर झिजतात.

पाटेवाली

इतका वेळ गप्प बसले होते, कुणीतरी पाट्यांचं बोलेल म्हणून. कुणीच नाही.

निळ्या, तुझा एक्सल तुटण्याआधी मागून थडथड जाणवली होती का? गाडी सुटताना मागचा भाग उड्या मारतो तशी?

निळी_कॅमारो

हो ताई! पहिल्या रनलाही थोडी झाली होती. मला वाटलं टायर नवीन आहेत म्हणून असेल.

पाटेवाली

तीच थडथड तुझ्या दातांचा काळ झाली. जोर आला की एक्सलचं हाउसिंग उलटं फिरायला बघतं, नाक वर करतं. एकेरी पाटा ते रोखू शकत नाही, तो इंग्रजी एससारखा वाकतो. वाकता वाकता टायर सुटतो, पाटा सरळ होतो, टायर पुन्हा चिकटतो, पाटा पुन्हा वाकतो. सेकंदाला कित्येकदा. प्रत्येक वेळी टायर चिकटताना दातांमधला प्ले, म्हणजे मोकळी फट, ओलांडून दात दातावर आपटतो. काकांनी हातोडा म्हटलं ना, तो एकदा नाही, दहा वेळा पडला.

१९६७ च्या गाडीला दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर एक्सलच्या पुढच्याच बाजूला आहेत. १९६८ पासून एक पुढे, एक मागे केला आणि जोरदार इंजिनांना अनेक पाट्यांची स्प्रिंग दिली, ती उगाच नाही. एक्सल कुठलाही घे, आधी पाट्यांचा बंदोबस्त कर. अनेक पाट्यांची स्प्रिंग आणि ट्रॅक्शन बार, म्हणजे एक्सलला उलटं फिरू न देणाऱ्या दांड्या. हे न करता डाना ६० घातलास तरी थडथड राहील, फक्त तुटणारी वस्तू बदलेल. आणि हाउसिंगवरची पाट्याची बैठक एकेरी आणि अनेक पाट्यांना वेगळी लागते, ते मागवताना सांग.

आता माप. एक्सल रुंदी विचारून घ्यायची नसते, ती आपल्या गाडीतून निघते. गाडी चाकांवर उभी, नेहमीच्या उंचीवर. जे रिम आणि टायर लावणार ते मडगार्डात धरून बघ, आत पाट्यापासून आणि बाहेर मडगार्डाच्या ओठापासून बोटभर तरी जागा ठेव. मग डाव्या रिमच्या बैठकीपासून उजव्या रिमच्या बैठकीपर्यंतचं अंतर मोज. ते तुझं फ्लँज ते फ्लँज माप. आधी एक्सल आणून मग रिम शोधणारे लोक शेवटी स्पेसर लावत बसतात.

जुना_फिटर

ताई बोलली ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. मी टायरपाशीच अडकलो.

दात_मोज

रेशोचं राहिलं. निळी_कॅमारो, शेवटच्या रेषेला वेग किती आणि इंजिनाची ताकद कुठल्या आरपीएमला संपते?

निळी_कॅमारो

ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास होता, १८० ची आशा आहे. ६,००० ला ताकद संपते, ६,३०० च्या वर नेत नाही.

दात_मोज

चौथा गिअर एकास एक. ताशी १८० म्हणजे मिनिटाला ३,००० मीटर. २६ इंची टायरचा घेर २.०७ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला १,४४७ फेरे. ३.८९ लावलास तर इंजिन ५,६३०, ४.११ ला ५,९५०, ४.५६ ला ६,६००. उत्तर समोर आहे, ४.११. क्राऊनला ३७ दात, पिनियनला ९.

एक इशारा. रेशो जसा वाढतो तसा पिनियन लहान होत जातो आणि दात कमी. म्हणून ‘अजून थोडा वरचा लावू’ हा मोह महागात पडतो. आणि प्रो गिअर म्हणून विकले जाणारे घेऊ नकोस. ते मऊ पोलादाचे असतात, फटका सोसतात पण रस्त्यावर झिजतात. तुला साधे रस्त्याचे चांगले.

गाभ्याची पेटी नोड्युलर लोखंडाची घे. जुनी शोधलीस तर कास्टिंगवर एन अक्षर असतं, साधी करड्या लोखंडाची टाळ. पिनियनचा पुढचा आधार मोठ्या बेअरिंगचा, ज्याला डेटोना म्हणतात तो. पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये चिरडणाऱ्या नळीऐवजी घन स्पेसर घाल.

हेमीवाला

हाउसिंगवर बैठका वेल्ड करताना जपून रे बाबा. माझ्याकडे एका वर्कशॉपनं एका दमात सगळं वेल्ड मारून दिलं. हाउसिंग केळ्यासारखं वाकलं. शाफ्ट बसेनात, बसवले तर बेअरिंग महिन्यात गेली. वेल्ड लहान लहान तुकड्यांत, आलटून पालटून, मध्ये थंड होऊ देत, आणि आत सरळ दांडा घालून तपासत मारायचा असतो.

पाटेवाली

+१. आणि बैठका आधी नुसत्या टाचायच्या. गाडी चाकांवर उतरवून पिनियनचा कोन लावायचा, मग एक्सल काढून पक्का वेल्ड. जोरात नाक वर उठणार हे माहीत आहे, म्हणून उभ्या गाडीत ते प्रोपेलर शाफ्टच्या तुलनेत खाली ठेवायचं. नुसते पाटे असतील तर साधारण ५ ते ७ अंश, चांगला ट्रॅक्शन बार असेल तर २ ते ४.

जुना_फिटर

शेवटचं, मग मी झोपायला जातो. नऊ इंचीचं नाक लांब असतं, प्रोपेलर शाफ्ट कापावा लागेल. एक्सल बसल्यावरच माप घे. बॉक्समध्ये जाणारा योक पूर्ण आत ढकल, मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर काढ, तिथून मोज. शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, १३५० मालिकेचे घे. आणि शाफ्टभोवती पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत लोखंडी कडं. स्लिकवर १३.९९ च्या आत पळणाऱ्या गाडीला ते सक्तीचं आहे. पुढचा क्रॉस तुटून शाफ्ट जमिनीत रुतला तर गाडी बांबूच्या उडीसारखी उडते.

नव्या शाफ्टवर लांबीनं पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मार. काही रननंतर शाफ्ट ओढून बघ. रेघ पिळलेली दिसली तर शाफ्ट पिळलाय, मोडायची वाट बघू नकोस.

निळी_कॅमारो (तीन महिन्यांनी)

धागा वर काढतो. सामान सगळं आलं. नऊ इंची हाउसिंग, ३५ स्प्लाइन, लॉकर, ४.११. पाटे आणि बार लागले. गाभा मीच टेबलावर सेट करतोय आणि दोन रात्री झोप नाही.

पिवळा रंग लावून दातांची खूण बघितली. खूण क्राऊनच्या दाताच्या वरच्या कडेला येते. म्हणजे पिनियन क्राऊनपासून दूर आहे, आत घ्यायला हवा. जाड शिम (अंतर ठरवणारी पातळ चकती) घातली. खूण आणखी वर गेली! अजून जाड घातली, आता तर अगदी कडेवर. डोकं फिरलंय.

दात_मोज

हसू आवरत नाहीये, माफ कर. तू बारा बोल्टची माहिती वाचून काम करतोयस. तिथे शिम पिनियनच्या डोक्याखालच्या बेअरिंगपाशी असते, जाड केली की पिनियन क्राऊनकडे सरकतो. नऊ इंचीत शिम आधार आणि पेटीच्या मध्ये, बाहेरून असते. जाड केली की पिनियन बाहेर येतो. पातळ कर.

फायदा हा की बेअरिंग दाबून काढायची गरज नाही, बोल्ट सोडा आणि शिम बदला. नंतर बाजूच्या आट्यांच्या नटांनी प्ले लाव, ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. क्राऊनवर तीन-चार जागी मोज, एकाच जागी नाही.

निळी_कॅमारो

दोन रात्री. दोन.

पातळ केली, खूण मधोमध आली. प्ले ०.२० मिमी, चारही जागी जवळपास सारखा. पिनियन फिरवायला २.५ न्यूटन-मीटर लागतात, नवी बेअरिंग आहेत.

दात_मोज

उत्तम. तेल साधं खनिज, जीएल-५ प्रतीचं, ८५डब्ल्यू-१४०. लॉकरमध्ये प्लेटा नाहीत, त्यामुळे तेलात वेगळं काही मिसळायचं नाही. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालव, पूर्ण थंड होऊ दे, असं काही वेळा. नवे दात पहिल्या तापण्यात जळाले की आयुष्यभर हुंकार देतात. मग तेल बदल. तळाशी चकाकी दिसेल, ती चालते. कण बोटाला लागले तर थांब.

निळी_कॅमारो (आणखी सहा आठवड्यांनी)

अहवाल देतो. लॉकर पहिल्या वळणावर असा खाडकन वाजला की मी गाडी थांबवून खाली वाकून बघितलं. सवय झाली आता.

पिनियनचा कोन ३ अंश. थडथड पूर्ण गेली. पहिल्या साठ फुटांचा वेळ २.०५ वरून १.७४ वर आला, आणि पाव मैल १२.३ सेकंद, ताशी १८० ला. इंजिनाला हात लावलेला नाही! क्लच अजूनही ५,००० वरच सोडतो, काका.

पण एक काळजी. तीस रननंतर शाफ्ट ओढले. डावा ठीक. उजव्यावरची रेघ आतल्या टोकाकडे वळलेली दिसते, पाच-सहा मिलिमीटर. स्प्लाइन नजरेला सरळ वाटतात. हे पिळलं म्हणायचं का? नवीन मागवू?

जुना_फिटर

स्प्लाइनवर लांबीनं सरळ पट्टी धरून बघ. शाफ्ट पिळला तर आधी स्प्लाइन मळसूत्रासारख्या दिसायला लागतात. त्या सरळ आणि रेघ तेवढी वाकडी, हे जुळत नाही. बसवण्याआधीचा फोटो आहे का?

निळी_कॅमारो

पट्टी धरली. स्प्लाइन अगदी सरळ.

फोटो सापडला. रेघ बसवण्याआधीही तशीच वाकडी आहे. रात्री दोनला मारली होती, शिमच्या भानगडीनंतर.